उपनगरातील जोडरस्त्याचा प्रस्ताव : जनसुनावणीत रहिवाशांनी नेमके काय मांडावे?

प्रश्न : सखल भागातील रहिवासी

नमस्कार. आमच्या उपनगराच्या नगर परिषदेपुढे एका जोडरस्त्याचा प्रस्ताव आला आहे. आज आमच्या वसाहतीतून १.२ किलोमीटर लांबीचा एक अरुंद रस्ता जातो आणि मैदानाच्या कुंपणापाशी संपतो. तो पुढे नेऊन पलीकडच्या वसाहतीला जोडायचा आणि संपूर्ण लांबीत १० मीटरने रुंद करायचा, असे प्रस्तावात म्हटले आहे. त्यासाठी दोन्ही कडांच्या गवताळ पट्ट्या जातील. या रस्त्यावर एक प्राथमिक शाळा आहे, आणि जिथे रस्त्याचा उतार संपतो तिथे आमची घरे आहेत.

माझी काळजी दोन गोष्टींची आहे. पहिली पाण्याची. मागच्या मोठ्या पावसात आमच्या कुंपणाच्या भिंतीवर पाणी जिथपर्यंत चढले होते, तिथे गाळाची तपकिरी रेघ अजूनही दिसते. ती माझ्या गुडघ्याच्या थोडी वर येते. कडेचे गवत असताना ही स्थिती असेल, तर ते गेल्यावर काय होईल, हा प्रश्न मी पहिल्या जनसुनावणीत विचारला. दुसरी काळजी वाहनांच्या वेगाची. रस्ता बंद असल्यामुळे मुले आज चालत शाळेत जातात. तो खुला आणि रुंद झाल्यावर आम्ही त्यांना एकटे सोडू शकू, असे मला वाटत नाही.

सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटे मिळाली. माझे बोलणे पावसाच्या वर्णनातच संपले आणि मुद्द्यावर येण्याआधी घंटा वाजली. अध्यक्षांनी सौजन्याने ऐकून घेतले, ‘आपल्या भावना पोहोचल्या’ असे म्हटले आणि पुढचे नाव पुकारले. दुसरी सुनावणी सहा आठवड्यांनी आहे आणि त्यानंतरच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडला जाणार आहे. वसाहतीतील काही जण म्हणतात की मोठ्या संख्येने जाऊन संपूर्ण प्रकल्पच रद्द करण्याची मागणी करावी. मला मात्र वाटते की आमच्या शंकांची उत्तरे मिळाली, तर रस्त्याला विरोध करण्याचे कारण उरणार नाही. ज्यांनी अशा कामांत भाग घेतला आहे, त्यांनी कृपया सांगावे : सह्यांची मोहीम, निवेदन, सभेतील भाषण, यांपैकी कशाचा खरोखर परिणाम होतो?

उत्तर १ : निवृत्त नगर अभियंता

आपण भिंतीवरच्या रेघेचा उल्लेख केला, ती आपल्याकडची सर्वांत मोलाची नोंद आहे. ती पुसली जाण्याआधी शेजारी मोजपट्टी धरून तिचे छायाचित्र काढा, जमिनीपासूनची उंची लिहून ठेवा आणि शेजारच्या चार-पाच घरांवरही तशाच खुणा आहेत का ते पाहा. माझ्या नोकरीच्या काळात ‘आमच्याकडे फार पाणी साचते’ अशी शेकडो पत्रे आली. त्यांवर काय करावे हे आम्हाला खरोखरच कळत नसे. पाणी कुठे, किती उंच आणि किती वेळ थांबले हे लिहिलेल्या पत्राला मात्र आम्हाला आकड्यांतच उत्तर द्यावे लागे.

आता आपल्या रस्त्याचा हिशेब करून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. १.२ किलोमीटर लांबीत १० मीटर रुंदी वाढली, म्हणजे १२,००० चौरस मीटर नवे डांबर किंवा काँक्रीट आले. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तेवढ्या जागेवर ६ लाख लिटर पाणी पडते. गवताळ जमीन त्यातील बराच भाग मुरवते. जमिनीच्या प्रकारानुसार हे प्रमाण खूप बदलते, पण समजा ३० टक्के पाणी वाहून जाते. डांबरावरून सुमारे ९० टक्के वाहते. म्हणजे आज या पट्ट्यांवरून १ लाख ८० हजार लिटर पाणी खाली येत असेल, तर उद्या ५ लाख ४० हजार लिटर येईल. फरक ३ लाख ६० हजार लिटरचा, म्हणजे दर सेकंदाला सरासरी १०० लिटरचा आहे, आणि ते सगळे पाणी उताराच्या टोकाला, आपल्या दाराशी येणार आहे. हे काही नवे शास्त्र नाही. पावसाची तीव्रता, क्षेत्रफळ आणि वाहून जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण यांचा गुणाकार करण्याची ही पद्धत अमेरिकेत १८८९ मध्ये एमिल क्युइक्लिंग या अभियंत्याने मांडली. लहान क्षेत्रासाठी पर्जन्यजल वाहिन्यांचा आराखडा करताना ती आजही वापरतात.

म्हणून प्रशासनाला ‘पाणी साचेल का?’ असे विचारू नका. या वाढीव पाण्यासाठी कोणत्या मापाची वाहिनी धरली आहे, ती शेवटी कुठे सोडली आहे, तिथल्या मोरीची, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटेची, क्षमता तपासली आहे का, आणि आराखडा किती वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी केला आहे, हे लेखी विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘दहा वर्षांतून एकदा’ असे आले तर ते ऐकून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ तसा पाऊस कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १० टक्के आहे, आणि दहा वर्षांच्या काळात तो निदान एकदा तरी येण्याची शक्यता ६५ टक्के निघते. हा हिशेब सभेत फारसा कोणी सांगत नाही, आणि तो न सांगणे मला नेहमीच खटकत आले आहे.

वेगाबद्दलही असेच मोजून बोलावे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चालकाला धोका दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत, एका सेकंदाचा प्रतिसादाचा वेळ आणि कोरडा रस्ता धरला, तर सुमारे १३ मीटर लागतात. ताशी ५० वेगाला सुमारे २८ मीटर लागतात, आणि त्यांतले पहिले १४ मीटर तर ब्रेकवर पाय पडण्याआधीच संपलेले असतात. याचा अर्थ असा की ज्या मुलासमोर पहिली गाडी थांबते, त्याच मुलाला दुसरी गाडी जवळजवळ पूर्ण वेगाने धडकते. ऑस्ट्रियातील ग्रात्स शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळता सर्व निवासी रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा लावली. जिथे पादचारी आणि वाहने एकत्र येतात तिथे हीच मर्यादा असावी, असे रस्ता सुरक्षेविषयीच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही म्हटले आहे.

परंतु केवळ फलक लावून वेग कमी होत नाही. रुंद, सरळ आणि मोकळा रस्ता दिसला की चालकाचा पाय आपोआप दाबला जातो. म्हणून मार्गिका अरुंद ठेवणे, शाळेसमोरचा ओलांडमार्ग पदपथाच्या पातळीपर्यंत उंच करणे आणि चौकातील वळणे आखूड करणे, या गोष्टी मूळ नकाशातच हव्यात. रस्ता झाल्यावर वेगळा खर्च करून त्या करू, असे सांगणारे मी पाहिले आहेत आणि ती कामे वर्षानुवर्षे न झालेलीही पाहिली आहेत.

उत्तर २ : माजी सदस्य, एका लहान शहराची परिषद

वरील उत्तरातील आकडेमोड निवेदनात जशीच्या तशी घ्यावी. मी सभागृहात काय होते तेवढे सांगतो.

जनसुनावणी हा निर्णयाचा आरंभ असतो असे रहिवाशांना वाटते. माझ्या अनुभवात ती जवळजवळ शेवटची पायरी असते. तोपर्यंत रस्त्याची रेषा विकास आराखड्यात आलेली असते, पैशांची तरतूद अंदाजपत्रकात झालेली असते आणि नकाशे समितीने पाहिलेले असतात. त्या रात्री बसलेल्या सदस्याला बहुधा ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढाच पर्याय समोर दिसतो. अशा वेळी चाळीस जण एकामागून एक उठून तीच भीती सांगतात, तेव्हा आम्ही समोरच्या कागदावर ‘वाहतूक, विरोध’ असे लिहून त्याखाली रेघा वाढवत जातो. हे मला सांगताना बरे वाटत नाही, पण तसेच घडते.

माझ्या कारकिर्दीत एका पत्राने मात्र माझे मत बदलले होते. एका बाईंनी एका पानाचे पत्र आणि दोन छायाचित्रे पाठवली होती. एका छायाचित्रात मोरीच्या तोंडाशी उभी केलेली मोजकाठी होती आणि मोरी निम्म्याहून जास्त गाळाने भरलेली स्पष्ट दिसत होती. पत्राच्या शेवटी त्यांनी ठरावात घालायचे एक वाक्यच लिहून दिले होते : मोरीची सफाई आणि क्षमतेची तपासणी पूर्ण झाल्याचा अहवाल सभेपुढे आल्याशिवाय कामाचा कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) देऊ नये. मी ते वाक्य उपसूचना म्हणून वाचून दाखवले, एका सहकाऱ्याने अनुमोदन दिले आणि विरोध करण्यासारखे त्यात काही नसल्यामुळे ती एकमताने संमत झाली. त्या बाई सभेला आल्याही नव्हत्या.

यावरून माझा सल्ला असा की सुनावणीची वाट पाहू नका. विषय ज्या समितीकडे आहे, तिच्या प्रत्येक सदस्याला आताच पत्र द्या, त्याची पोच घ्या आणि दोन-तीन सदस्यांना प्रत्यक्ष जागेवर बोलवा. नकाशावर उतार दिसत नाही. पायाखाली तो लगेच जाणवतो. कागदपत्रे मागवण्याचे काम तर आजच सुरू करा, कारण त्याला वेळ लागतो. भारतात माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. आपल्याकडे सहाच आठवडे आहेत. विषयपत्रिका किती आधी जाहीर व्हावी, याचेही नियम जागोजागी निराळे असतात. कॅलिफोर्नियात १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका निदान ७२ तास आधी लावावी लागते, आणि तीत नसलेल्या विषयावर काही अपवाद वगळता निर्णय घेता येत नाही. तीन दिवसांत जाडजूड जोडपत्रे वाचून होत नाहीत, म्हणून आपल्या परिषदेचा नियम कोणता आहे ते आधी पाहा आणि विषयपत्रिका लागली रे लागली की कोणी तरी ती वाचायला बसेल, अशी वाटणी करून ठेवा.

तोंडी आश्वासनावर विसंबू नका. ‘ते आपण करून घेऊ’ हे वाक्य सभागृहात अगदी मनापासून म्हटले जाते, पण इतिवृत्तात उतरत नाही, आणि पुढच्या निवडणुकीनंतर ते कोणाला आठवतही नाही. अट ठरावात असावी आणि ती कार्यादेशाच्या आधीची असावी. काम पूर्ण झाल्यानंतरची अट पाळली गेली नाही तर हाती काही उरत नाही. पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त कायम होते. त्याआधी ते वाचा आणि आपली अट नेमक्या शब्दांत आली नसेल तर दुरुस्ती मागा. वाहिनीच्या वार्षिक सफाईसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद आहे का, हेही विचारावे. वाहिनी बांधायला पैसे मिळतात आणि ती साफ ठेवायला मिळत नाहीत, हा प्रकार मी फार जवळून पाहिला आहे.

सह्यांबद्दल एवढेच, की ‘प्रकल्प रद्द करा’ यावरच्या पाचशे सह्यांपेक्षा एका नेमक्या अटीखालच्या पन्नास सह्या सदस्याला जास्त उपयोगी पडतात, कारण त्या अटीवर त्याला मतदान मागता येते.

उत्तर ३ : पलीकडच्या वसाहतीतील भाडेकरू म्हणून राहिलेला एक वाचक

मी अशाच एका रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला सहा वर्षे भाड्याने राहिलो, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. आमच्या घराच्या गच्चीवरून समोरच्या वसाहतीतला दवाखाना दिसत असे. मध्ये एक कुंपण होते आणि त्याला वळसा घालून जायला पायी अर्धा तास लागे. आमच्याकडे बस येत नसे, कारण बंद रस्त्यावरून बस वळवता येत नाही. जोडरस्त्याची चर्चा झाली तेव्हा आमच्यापैकी एकही जण सुनावणीला गेला नाही. सभा संध्याकाळी होती, आमच्यातले बरेच जण त्या वेळी कामावर असत, आणि सूचना फक्त मालमत्ताधारकांच्या पत्त्यावर गेली होती. प्रस्ताव बारगळला. सभागृहात रस्त्याच्या बाजूने बोलणारे कोणीच नव्हते, एवढे आम्हाला नंतर कळले.

हा केवळ माझा अनुभव नाही. बोस्टन विद्यापीठातील तीन संशोधकांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ९७ शहरे आणि गावांच्या नियोजनविषयक सभांची इतिवृत्ते तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सभेत बोलणारे लोक तिथल्या एकूण मतदारांच्या तुलनेत वयाने मोठे, अधिक प्रमाणात पुरुष, घरमालक आणि तिथे दीर्घकाळ राहणारे होते, आणि नव्या घरांच्या प्रस्तावांना त्यांच्यातील बहुसंख्य लोकांचा विरोध होता. म्हणून ‘सभागृह भरले होते’ याचा अर्थ ‘गाव आले होते’ असा घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लोकांना बोलावण्याची पद्धत बदलली तर येणारे लोकही बदलतात. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून अंदाजपत्रकातील कामांचा अग्रक्रम वस्त्यावस्त्यांतील सभांमध्ये ठरू लागला. तिथे गरीब वस्त्यांतील माणसे मोठ्या संख्येने आली, कारण आपल्या दारातल्या गटाराचा आणि रस्त्याचा निर्णय तिथेच होणार हे त्यांना ठाऊक होते. आपल्याला एवढी मोठी व्यवस्था सहा आठवड्यांत उभी करता येणार नाही. पण निवेदन तयार करण्याआधी आपण स्वतः कुंपणाच्या पलीकडे जाऊन तिथल्या दहा घरांत विचारावे, हे तर नक्कीच करता येईल. कदाचित त्यांना पायी जायला वाट आणि एक बस एवढेच हवे असेल.

उत्तर १ ची पुरवणी : निवृत्त नगर अभियंता

या शेवटच्या वाक्यावर थोडे लिहितो, कारण त्यात प्रश्नाची सोडवणूक असू शकते. दोन वसाहती जोडणे आणि त्यांच्यामधून मोटारींची सरळ वाट काढणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेदरलँड्समधील हाउटन या उपनगराची रचनाच अशी आहे की पायी आणि सायकलने जाणारा मधून सरळ जातो, तर मोटारीला बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर जाऊन पुन्हा आत यावे लागते. आपल्याकडे मैदानाजवळच्या तुकड्यात फक्त बस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी जाऊ शकेल असा अडसर ठेवून, शेजारून पदपथ आणि सायकलमार्ग नेला, तर १० मीटर रुंदी वाढवण्याची गरजच किती उरते, हे प्रशासनाला विचारता येईल. रुंदी निम्मी झाली तर वाढीव पाणीही निम्मे होते. मी पूर्वी जोडरस्त्यांच्या बाजूने होतो आणि आजही आहे, म्हणून हा पर्याय रस्ता अडवण्यासाठी सुचवलेला नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही तिघी मैदानाला वळसा घालून पलीकडे गेलो. जाताना ३५ मिनिटे लागली; आमच्याबरोबर एक वयस्कर शेजारीण होत्या, त्यांना वाटेत दोनदा बसावे लागले. पहिल्याच घरात एका आईने सांगितले की तिचा मुलगा आमच्याच शाळेत येतो आणि कुंपणाच्या तुटलेल्या जाळीतून आत शिरतो. इतकी वर्षे ती तुटकी जाळी मी रोज पाहते आहे. ती मुले मोडतात आणि ती बंद करायला हवी, असेच मला वाटत होते.

वसाहतीच्या बैठकीत ‘प्रकल्प रद्द करा’ ही मागणी मागे घेण्याचे ठरले, जरी दोन घरांना ते पटलेले नाही आणि ते स्वतंत्र निवेदन देणार आहेत. आमच्या निवेदनात आता तीन वाक्ये ठरावासाठी लिहून दिली आहेत : पर्जन्यजल वाहिनीचा हिशेब आणि शेवटच्या मोरीच्या क्षमतेचा अहवाल सभेपुढे आल्याखेरीज कार्यादेश देऊ नये, शाळेसमोरचा उंच ओलांडमार्ग आणि ताशी ३० ची रचना मूळ नकाशात व अंदाजपत्रकात धरावी, आणि बस व पादचारी यांच्यापुरत्या जोडणीचा पर्याय रुंदी ठरवण्याआधी तपासावा. खाली दोन्ही वसाहतींच्या सह्या असतील. वाहिनीच्या कागदपत्रांसाठीचा अर्ज आज सकाळी दिला आणि पोच घेतली. समितीच्या दोन सदस्यांनी रविवारी सकाळी जागेवर येण्याचे मान्य केले आहे. त्यांना आधी भिंतीवरची रेघ दाखवायची आणि मग त्या जाळीतून पलीकडे न्यायचे, असे आम्ही ठरवले आहे.